वीज गेली तरी माणूस बदलू नये: गेम कॅबिनेटच्या एन्कोडरच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार, जालना

मिस्त्रींनी काल गेम कॅबिनेटचा, म्हणजे दोघांनी उभ्यानं खेळायच्या मशीनचा, सांगाडा आणून दिला. बाजूंना १८ मिलिमीटरचा प्लाय, हात ठेवायच्या पॅनलला १२ चा. १९ इंची मॉनिटर घरातच पडून होता. जुना डेस्कटॉप घेतलाय, त्यावर लिनक्स आणि मेम (जुन्या दुकानी गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चढवलंय. दोन जॉयस्टिक आणि बटनांची पिशवीही आली. राहिला तो मधला दुवा, एन्कोडर. बटन म्हणजे शेवटी एक मायक्रोस्विच. त्याची दोन टोकं, कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी तुटलेलं), दाबलं की जोडलं, सोडलं की तुटलं. कॉम्प्युटरला हे समजत नाही, त्याला यूएसबीवरून कळवावं लागतं. ते कळवणारा बोर्ड कोणता घ्यायचा, हे ठरवायला या नोंदी.

आधी मोजणी केली. एका खेळाडूला ४ दिशा, ६ बटनं, १ स्टार्ट, १ कॉईन. म्हणजे १२. दोघांचे २४. हा आकडा पॅनलच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

हे सगळं कशासाठी, तेही एकदा लिहून ठेवतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा स्टँडजवळ एक गेमचं दुकान होतं. रुपयाचं कॉईन टाकून उभ्यानं खेळायचं. सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचे ती गेम, म्हणजे कॅपकॉमची १९९३ ची ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तीत बटनं दोनच, मारायचं आणि उडी मारायचं. दोन्ही एकदम दाबली की जोराचा वार बसायचा आणि त्यात आपलीही थोडी ताकद जायची. अंगठा दोन्ही बटनांवर आडवा टाकून दाबायची सवय हाताला अजून आहे. मे महिन्यात परभणीहून बहिणीची पोरं राहायला येतील, तोवर आमच्या घरात तसं उभं मशीन हवं. ती दोन बटनं एकदम दाबली की एकदमच पोचली पाहिजेत, ही पहिली अट.

१५ मार्च, शनिवार

पहिला प्रयोग फुकटातला. जुना कीबोर्ड खोलला, आतलं छोटं सर्किट काढलं आणि त्याच्या पट्ट्यांना वायरी जोडून बघितल्या. पुष्कळ जण इथूनच सुरुवात करतात.

कीबोर्डच्या आत प्लास्टिकचे दोन पातळ पडदे असतात, त्यांवर चंदेरी रेघा छापलेल्या. प्रत्येक बटनाला स्वतंत्र वायर नसते. काही रेघा आडव्या, काही उभ्या, आणि जिथं एक आडवी नि एक उभी भेटते तिथं एक अक्षर. माझ्या कीबोर्डात एकीकडं ८ आणि दुसरीकडं १८ पट्ट्या निघाल्या. कुठल्या जोडीला कोणतं अक्षर येतं ते शोधत वायरीचा तुकडा घेऊन दीड तास बसलो. मुलगी शेजारी बसून वहीत तक्ता लिहीत होती.

अडचण तिसऱ्या बटनाला आली. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटनं एकदम दाबली की करंट वळसा घालून चौथ्या कोपऱ्यातनंही फिरतो आणि न दाबलेलं अक्षर दाबल्यासारखं दिसतं. पुष्कळ कीबोर्ड हे टाळायला तिसरं बटन दाबूनच घेत नाहीत. माझ्यानं तेच केलं. वर-उजवीकडं जाताना मारायचं बटन दाबलं तर माणूस नुसता चालत राहिला. प्रत्येक बटनाला एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), १एन४१४८, घातला तर इलाज होतो, पण तो आतल्या रेघांच्या चौकटीत घालावा लागतो आणि पडद्यावर त्याला जागाच नाही.

कीबोर्ड बंद करून ठेवला. तक्ता मात्र जपून ठेवायचा, मुलीचं अक्षर छान आहे.

२३ मार्च, रविवार

झिरो डिले नावानं मिळणारे दोन बोर्ड आले. आपल्याकडं जॉयस्टिक-बटनांच्या संचाबरोबर बहुतेक हेच देतात. प्रत्येक बटनाला दोन तारांची छोटी वायर, एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला दोन थिंबल, म्हणजे स्विचच्या पट्टीवर बसणारी धातूची टोकं. लावायला अर्धा तास पुरला. एनओ आणि कॉमनला थिंबल घट्ट बसवायची आणि प्लग बोर्डात खोचायचा, बस. सोल्डरिंग नाही, कोड नाही. ज्याला एका खेळाडूचं मशीन करायचंय त्यानं डोळे मिटून हाच घ्यावा, असं माझं मत झालं.

नावात झिरो असलं तरी उशीर असतोच, म्हणून मोजायला बसलो. यूएसबीची यादी झाडासारखी दाखवायला सांगितली तर दोन्ही बोर्डांपुढं १.५ आलं, म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिटचा सगळ्यात संथ वर्ग. या वर्गाच्या साधनाला ‘काही दाबलं का’ असं यूएसबीच्या नियमाप्रमाणं कॉम्प्युटरला १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त घाईनं विचारता येत नाही. ६० चित्रांच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे बोर्डाचा उशीर एका चित्राच्या आतलाच. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचं संथ चित्रण केलं, बोट आणि पडदा एकाच चौकटीत ठेवून मोजलं. उशीर होता, पण त्यातला मोठा वाटा मॉनिटर आणि कॉम्प्युटरचाच निघाला. हाताला काहीच जाणवत नाही.

आज मनानं ठरवून टाकलं होतं की हेच ठेवायचे.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, पुरणपोळी, दुपारी बहीण पोरांना घेऊन आली. मेपर्यंत थांबणार कोण? दोघं भिडले, भाचा डावीकडं, मुलगी उजवीकडं. तासभर मस्त चाललं. मग वीज गेली. दहा मिनिटांत आली, मशीन आपोआप चालू झालं, पोरं पुन्हा उभी राहिली.

आणि भाचा ओरडला, “मामा, माझा माणूस ताई चालवायली!”

खरंच होतं. डावी जॉयस्टिक हलवली की उजवा माणूस पळत होता. पोरांनी आपसांत जागा बदलल्या आणि खेळ पुढं चालू ठेवला. मी मात्र तिथंच अडकलो. संध्याकाळी मंडळी गेल्यावर मुद्दाम मेन स्विच पाडून दहा वेळा चालू-बंद केलं. तीन वेळा डावं-उजवं उलटलं.

कारण साधं आहे. दोन्ही बोर्ड सख्ख्या जुळ्यांसारखे. नाव तेच, क्रमांक तेच, वेगळा सिरीयल नंबर नाही. चालू होताना जो आधी ओळख देतो तो पहिला, दुसरा तो दुसरा. घरात वीज जातच नसेल तर महिनोन्‌महिने हे कळणारही नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात वीज दिवसातून एकदा तरी जातेच, नि वळवाचा पाऊस आला तर विचारायलाच नको. म्हणून दुसरी अट आजच्या तारखेनं लिहितो, आणि हीच मोठी अट: वीज किती वेळा गेली-आली तरी ज्याचा माणूस त्याच्याकडंच राहिला पाहिजे.

२ एप्रिल

ड्यूटीवरून आल्यावर लिनक्सला सांगून बघितलं की मागच्या वरच्या यूएसबी पोर्टातला तो ‘डावा’, खालच्यातला तो ‘उजवा’. यूडेव्हचा (लिनक्समधली साधनांना नावं देणारी सोय) नियम लिहिला, नावं बरोबर पडली. पण गेम त्या नावांकडं बघतच नाही, ती आपली मूळ यादी आपल्या क्रमानं वाचते. तीन रात्री गेल्या.

६ एप्रिल, रविवार

आज सगळे पर्याय समोर मांडले. पुतण्या संभाजीनगरला इंजिनीअरिंगला आहे, त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं.

त्यानं आधी पिको सुचवला. रास्पबेरी पायवाल्यांनी २०२१ मध्ये ४ डॉलरला काढलेला छोटा बोर्ड. त्यावर जीपी२०४०-सीई नावाचं मोफत फर्मवेअर (बोर्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) टाकलं की उत्तम गेमपॅड तयार होतो, आणि सेटिंग ब्राउझरमधून करता येतं. मी विचारलं, एका बोर्डावर खेळाडू किती? एकच. म्हणजे दोघांना दोन पिको, दोन्ही सारखे, पुन्हा तेच जुळ्यांचं दुखणं. एकट्यानं फायटिंग गेम खेळणाऱ्याला याहून चांगलं काही नसेल, माझ्या कामाचं नाही.

आयपॅक-२ हा अल्टिमार्कचा बोर्ड. त्यात ३२ इनपुट, दोघांचे सगळे २४ एकाच बोर्डावर बसून आठ उरतात. आणि तो कॉम्प्युटरला जॉयस्टिक म्हणून नव्हे, कीबोर्ड म्हणून दिसतो. इथं माझी ट्यूब पेटली. जॉयस्टिक दोन असल्या की पहिली कोणती, दुसरी कोणती हा प्रश्न येतो. कीबोर्डात प्रश्नच नाही. डाव्याचं बटन म्हणजे एक अक्षर, उजव्याचं दुसरं, आणि अक्षर वीज जाऊन आल्यानं बदलत नाही. पण तो इंग्लंडहून मागवायचा, वर पोस्ट नि कस्टम, आणि मे तोंडावर आलेला.

आर्दुइनो उनो, हाही प्रोग्राम करता येणारा एक बोर्ड, घरात होती. तिच्या मुख्य चिपला स्वतःची यूएसबी नाही, त्यामुळं कीबोर्ड म्हणून वागवायला आडवळणानं जावं लागतं. आर्दुइनोच्याच लिओनार्डोला यूएसबी आहे, पण पिना (बटनांच्या वायरी जोडायच्या जागा) कमी पडतात.

मग पुतण्याच म्हणाला, “काका, पिकोलाच कीबोर्ड करू की. पिना मोजा.”

मोजल्या. वापरता येण्यासारख्या २६. आपल्याला हव्यात २४. दोन उरल्या. ठरलं.

१२ एप्रिल, शनिवार

पिको साडेचारशेला मिळाला. सर्किटपायथन (बोर्डावर पायथन भाषेतला कोड चालवणारं सॉफ्टवेअर) चढवणं सोपं आहे: पांढरं बटन दाबून धरून वायर लावायची, पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसतो, त्यात फाइल टाकायची. बटनं वाचायला कीपॅड नावाचा तयार भाग आहे. आपण वेगळं सांगितलं नाही तर तो दर २० मिलिसेकंदांनी बघतो, ते ५ वर आणायचं. ज्याला हे माहीत नसेल तो उगाच म्हणेल की पिको संथ आहे.

अक्षरं मेमचीच ठेवली होती: डाव्याला बाण आणि डावीकडचे कंट्रोल, ऑल्ट, स्पेस, शिफ्ट, उजव्याला दिशांसाठी आर, एफ, डी, जी आणि बटनांना ए, एस, क्यू, डब्ल्यू. पुतण्यानं आधीच सांगितलं होतं, “काका, साध्या कीबोर्डातून एका वेळी सहाच बटनं जातात.” यूएसबी कीबोर्ड कॉम्प्युटरला जो निरोप धाडतो, ते नेहमीचं पत्र ८ बाइटचं असतं: एक कंट्रोल-ऑल्ट-शिफ्टसारख्यांसाठी, एक रिकामा, आणि सहा अक्षरांसाठी. दोघंही तिरकं जात दोन-दोन बटनं दाबत असले तर आठ बटनं होतात. पण डाव्याची कंट्रोल आणि ऑल्ट पहिल्या बाइटात जातात, सहात मोजत नाहीत. उरले डाव्याचे दोन बाण, उजव्याची चार अक्षरं. बरोबर सहा. काठोकाठ.

काठोकाठ बसलं म्हणून मला आनंद झाला, पण रात्री मुलीनं वर जाता जाता दोन बटनांचा तो जोराचा वार केला आणि अख्खा पडदाच सरकून रिकामा डेस्कटॉप पुढं आला. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण एकदम दाबले की आमच्या डेस्कटॉपला ते दुसऱ्या पडद्यावर जायचा हुकूम वाटतो. लहानपणी अंगठा आडवा टाकून दाबायची जी जोडी, नेमकी तीच.

१४ एप्रिल

सुट्टी. दिवसभर हेच. डाव्याची बटनं साध्या अक्षरांवर नेली तर पडदा सरकणं थांबतं, पण मग सहाची मर्यादा आडवी येते. तेव्हा पत्राचा नमुनाच बदलला. सहा जागांची यादी पाठवण्याऐवजी १६ बाइटचा हजेरीपट पाठवायचा. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला चौकोन, दाबलं असेल तर १, नसेल तर ०. वर्गात कितीही पोरं हजर असली तरी हजेरीपटाला काय फरक पडतो? चोवीसच्या चोवीस बटनं एकदम दाबा, सगळी पोचतात. सर्किटपायथनमध्ये असा स्वतःचा नमुना सांगता येतो.

तो सांगायचा बूट डॉट पाय या फाइलमध्ये, आणि ती फाइल बोर्डाला नव्यानं वीज मिळते तेव्हाच वाचली जाते. कोड सेव्ह केला की बाकीचं आपोआप नवं होतं, ही होत नाही. ते न कळल्यानं दोन तास जुनाच नमुना तपासत बसलो. वायर काढून परत लावली आणि पहिल्या झटक्यात चाललं.

मी आणि मुलीनं मिळून दोन्ही हातांचे तळवे बटनांवर टेकवले. तपासणीच्या पडद्यावर दोघांची सहा-सहा, मिळून बाराही बटनं एकदम उमटली.

२० एप्रिल, रविवार

आज पक्की वायरिंग. कामावर माझं आयुष्य लिमिट स्विच आणि पॅनलमध्ये जातं, तेव्हा हा भाग मनापासून केला.

कॉमन सगळ्यांचा एक. एका बटनावरून दुसऱ्यावर लूप करत नेला. पण नुसती माळ केली आणि मधलं एक थिंबल ढिलं झालं तर पुढची सगळी बटनं मरतात. म्हणून माळेचं शेवटचं टोकही परत बोर्डाच्या ग्राउंडला आणलं, रिंग केली. आता एक जागा तुटली तरी दुसऱ्या बाजूनं वाट आहे. वायर बहुतारी घेतली. नेटवर्क केबलमधली एकतारी वायर स्वस्त पडते, पण जॉयस्टिकचे हिसके खाऊन थिंबलच्या तोंडाशी मोडते. थिंबल ४.८ मिलिमीटरची, हातानं ओढून बघितल्याशिवाय एकही पुढं सोडली नाही. पिकोला स्क्रूच्या पट्टीवर बसवलं, पुढंमागं बदलायची वेळ आली तर सोल्डर नको.

एक स्विच जवळून तपासला. पिकोवर वेगळा छोटा प्रोग्राम टाकून एका दाबाची नोंद घेतली. कानाला एकच ‘टिक’ येतो, पण आत पत्री उसळते. जोडलं, तुटलं, जोडलं, असं पाच वेळा, आणि मग स्थिर. सगळं मिळून दीड मिलिसेकंद. आपण दर ५ मिलिसेकंदांनी बघतो, म्हणजे त्या उसळीत आपली नजर फार तर एकदा पडते, पुढच्या वेळी पत्री बसलेली असते. एका दाबाचे दोन दाब होत नाहीत. ५ चा आकडा का, याचं हे उत्तर. १ केला असता तर घाईत चूक झाली असती.

२६ एप्रिल

एक पिको गेला. स्टार्टची दोन बटनं दिव्याची आहेत, दिवा १२ व्होल्टचा. दिव्याची पट्टी आणि स्विचची पट्टी शेजारी शेजारी. रात्री कमी उजेडात १२ ची वायर स्विचवर बसली, पिना ३.३ व्होल्टच्या. वासही आला नाही, नुसता गप्प झाला. दुसरा आणला, दहा मिनिटांत तोच कोड टाकून चालू. दिव्याच्या थिंबलना लाल स्लीव्ह, स्विचच्यांना काळी. हे आधी करायला हवं होतं.

दुसरं एक काम उरकलं. पिको कॉम्प्युटरला ड्राइव्ह म्हणूनही दिसतो, आणि वीज अचानक गेली तर त्यावरच्या फाइली खराब व्हायची भीती. म्हणून चालू होताना ड्राइव्ह लपवायला सांगितलं. डाव्याचा स्टार्ट दाबून धरून वीज दिली तरच तो दिसेल, म्हणजे कोड बदलायची वाट शिल्लक.

४ मे, रविवार

पोरं परवा आली. बाहेर अंगाची लाही लाही, कॅबिनेटमागं पंखा लावलाय. सकाळी कुणी उठायच्या आत मेन स्विच वीस वेळा पाडला, वीस वेळा चढवला. वीसच्या वीस वेळा डावा डावाच. संथ चित्रणही पुन्हा केलं: झिरो डिले आणि हा, दोन्हींच्या उशिरात डोळ्याला फरक दिसत नाही. उशिरावरून निवड करायला बसलो असतो तर पाडव्यालाच थांबलो असतो.

दुपारी साडेतीनला वारं सुटलं, धूळ उठली, चार थेंब पडले आणि वीज गेली. पोरं पॅनल सोडून हलेनात. वीस मिनिटांनी मशीन पुन्हा बोलायला लागलं. भाच्यानं आधी जॉयस्टिक डावी-उजवी हलवून बघितली, पाडव्याचं त्याच्या लक्षात होतं. मग मान वळवून मला सांगितलं, “मामा, माझाच हाय.”

पॅनलच्या आतून मुलीनं लिहिलेला पिनांचा तक्ता चिकटवलाय, २४ ओळी, कोणती पिन, कोणतं बटन, कोणत्या रंगाची वायर. खाली दोन ओळी रिकाम्या आहेत. भाचा म्हणतोय तिथं आवाज कमी-जास्त करायची बटनं लावा. पुढच्या रविवारी बसवतो.